नागपूरची जागा आणि विदर्भाचे मत : एका लोकसभा मतदारसंघाचा प्रकरण अभ्यास

वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला नागपूर लोकसभा मतदारसंघाने दोन सार्वत्रिक निवडणुकांत दिल्लीला पाठवले : १९६२ साली लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांना आणि १९७१ साली जांबुवंतराव धोटे यांना. त्याला अर्धशतक उलटून गेले. मागणी विझली नाही. हिवाळी अधिवेशन आले की ती रस्त्यावर येते, तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मागे निघणाऱ्या बडग्यांत, म्हणजे लोकांच्या रोषाच्या विषयांवरच्या पुतळ्यांत, ती दिसते, वकिलांच्या आणि प्राध्यापकांच्या बैठकांत ती कधी थांबलेलीच नाही. मात्र त्या मागणीच्या बळावर नागपूरची जागा पुन्हा कोणी जिंकलेली नाही. ज्या शहरात ही मागणी सर्वांत मोठ्या आवाजात बोलली जाते, त्याच शहराच्या मतपेटीतून ती कशी ओसरली, हा या प्रकरण अभ्यासाचा प्रश्न आहे.

एक खुलासा आधी करणे आवश्यक आहे. अणे आणि धोटे यांनी जिंकलेला नागपूर मतदारसंघ आणि आजचा नागपूर मतदारसंघ नावाने एक असले तरी हद्दीने एक नाहीत. २००८ मध्ये अमलात आलेल्या पुनर्रचनेने शहरातल्या विधानसभेच्या पाच जागांच्या सहा केल्या. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण आणि मध्य यांच्या जोडीला दक्षिण-पश्चिम ही नवी जागा आली आणि लोकसभेचा मतदारसंघ या सहा शहरी जागांचा मिळून बनला. म्हणजे २००४ पर्यंतचा नागपूर मतदारसंघ हा आता इतिहासातला मतदारसंघ आहे. माझा भर त्याच जुन्या मतदारसंघावर राहील; २००९ नंतरच्या निकालांकडे तुलनेपुरतेच वळायचे आहे.

राजधानी असलेले शहर आणि पहिले दोन निकाल

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूर महाराष्ट्रात नव्हते, कारण महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी असलेले हे शहर स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची राजधानी झाले होते. त्या निवडणुकीत काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या. १९३७ साली मध्य प्रांताच्या विधानसभेच्या उपसभापती झालेल्या आणि १९४२ च्या आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून धडपडलेल्या या बाईंना नागपूरने १९५७ मध्येही पुन्हा निवडून दिले. शहरातल्या या लोकसभा जागेचा इतिहास एका स्त्रीपासून सुरू होतो, ही गोष्ट हल्ली फारशी कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

या दोन निवडणुकांच्या मध्ये नागपूरची राजधानी गेली. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेताना नोकऱ्यांत, शिक्षणात आणि विकासखर्चात न्याय्य वाटा देण्याचे, तसेच वर्षातून काही काळ सरकार नागपुरात आणण्याचे आश्वासन होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने आपला अहवाल दिला आणि त्यात जुन्या मध्य प्रदेशातल्या आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारस केली. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. सरकारी आयोगाने शिफारस केलेले राज्य मिळाले नाही, ही सल विदर्भवाद्यांच्या प्रत्येक भाषणात आजही येते, आणि माझ्या मते ती खरी सल आहे.

तरीही १९५७ चा निकाल नीट पाहिला पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जबर तडाखा दिला, आणि द्विभाषिक राज्यातले काँग्रेसचे सरकार तगले ते प्रामुख्याने गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आमदारांवर. राजधानी जाऊन वर्षही झाले नव्हते, तरी नागपूरने लोकसभेसाठी काँग्रेसच्याच उमेदवाराला मत दिले. विधानसभेला मात्र त्याच वर्षी अर्धेंदू भूषण बर्धन नागपुरातून अपक्ष म्हणून निवडून आले. गिरण्यांतला आणि वीज खात्यातला कामगार हा बर्धनांचा आधार होता. राजधानी गमावल्याचा राग आणि कामगारांचा असंतोष हे दोन वेगळे प्रवाह शहरात तेव्हापासून वाहत होते. ते एकत्र आले ते पुढे, १९७१ मध्ये.

बापूजी अणे : पक्षापेक्षा मोठा उमेदवार

अनसूयाबाईंच्या निधनानंतर दुसऱ्याच लोकसभेच्या उरलेल्या काळात बापूजी अणे नागपूरचे खासदार झाले, आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठबळावर अपक्ष म्हणून ते पुन्हा निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय एक्याऐंशी होते.

हा विजय विदर्भाच्या मागणीचा होता की बापूजींचा, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बापूजी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे. लोकमान्य टिळकांचे निकटचे अनुयायी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, गांधीजींच्या १९४३ च्या उपोषणाच्या वेळी त्या पदाचा राजीनामा देणारे, नंतर सिलोनमधले भारत सरकारचे प्रतिनिधी आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल. संस्कृतवर त्यांचे असे प्रभुत्व की टिळकांवर त्यांनी लिहिलेल्या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा माणसाला हरवण्यासाठी काँग्रेसकडे तुल्यबळ उमेदवार नव्हता, असे एक मत आहे. ते पटण्यासारखे असले तरी अपुरे आहे. राज्यपालपद भूषवलेल्या माणसाने ऐंशीनंतर सत्ताधारी पक्षाबाहेर उभे राहून लोकसभेची जागा लढवावी, आणि तीही एकाच मागणीसाठी, हे मतदाराला दिसत होते. त्याने बापूजींना मत दिले तेव्हा मागणीही त्याच मतात आली. दोघांना वेगळे करणे त्या काळच्या मतदारालाही शक्य नव्हते.

पण एकटा खासदार लोकसभेत काय करू शकतो, हेही याच काळात उघड झाले. नवे राज्य करण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. त्यासाठीचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची इच्छा असल्याशिवाय काहीही हलत नाही. अपक्ष खासदार भाषण करू शकतो, लोकसभेच्या कामकाजात मागणीची नोंद करू शकतो, पण राज्य आणू शकत नाही. हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. १९६७ मध्ये नागपूरने काँग्रेसच्या नरेंद्र देवघरे यांना निवडून दिले. त्या निवडणुकीत बर्धनही उभे होते आणि हरले. बापूजींचे निधन पुढच्या वर्षी, २६ जानेवारी १९६८ रोजी झाले.

१९७१ : लाटेविरुद्ध एक जागा

या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निकाल १९७१ चा आहे. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या पंचेचाळीसपैकी बेचाळीस जागा जिंकल्या, आणि काँग्रेसबाहेर राहिलेल्या तीन जागांत नागपूरची जागा होती. ती जांबुवंतराव धोटे यांनी फॉरवर्ड ब्लॉकच्या नावावर जिंकली.

धोटे यवतमाळचे आमदार. १९६४ मध्ये विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्यामुळे त्यांची आमदारकी गेली, आणि झालेल्या पोटनिवडणुकीत यवतमाळने त्यांना परत निवडून दिले. दाढी, दमदार आवाज, आणि शेतकरी, गिरणी कामगार, विद्यार्थी अशा सगळ्यांना आपल्याच घरातला माणूस वाटावा अशी बोली : विदर्भवीर हे बिरुद त्यांना लोकांनी दिले ते यामुळे. बापूजींचा विदर्भ हा निवेदनांचा आणि आयोगाच्या अहवालाचा विदर्भ होता, तर धोट्यांचा विदर्भ कापसाच्या भावाचा, बेकारीचा आणि मोर्चाचा होता.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. घराची घड्याळे मिलच्या भोंग्यावर लावलेली असत. १९७१ च्या निवडणुकीआधी महालातल्या चिटणीस पार्कच्या सभेला त्यांनी मला खांद्यावर बसवून नेले होते. भाषण मला काही समजले नाही, एवढेच आठवते की सभा संपल्यावर कोणी लगेच घरी गेले नाही. लोक पानठेल्यांपुढे घोळक्याने उभे राहून तेच शब्द पुन्हा बोलत होते. घरी आल्यावर आजोबांनी विचारले, मत कोणाला देणार? वडील म्हणाले, ‘‘मी तं दर वेळी काँग्रेसलेच देतो. पण हा माणूस आपल्यासाठी भांडते, यावेळी यालेच देऊन पाहू.’’ वाक्यातला ‘देऊन पाहू’ हा भाग मला पुढे अनेक वर्षे अर्थपूर्ण वाटत राहिला. ते काँग्रेस सोडत नव्हते. एक मत त्यांनी मागणीसाठी बाजूला काढून ठेवले होते.

फॉरवर्ड ब्लॉक हा बंगालचा पक्ष नागपुरात कुठून आला, असा प्रश्न नव्या पिढीला पडतो. तो तसा परका नव्हता. नागपूरच्या गिरणी कामगारांचे नेते रामचंद्र सखाराम रुईकर यांच्या नावाने फॉरवर्ड ब्लॉकचा एक स्वतंत्र गट १९५२ च्या निवडणुकीत उतरला होता. त्या गटाचे निवडणूक चिन्ह होते हाताचा पंजा, म्हणजे काँग्रेसकडे ते येण्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी. कामगार वस्त्यांत ‘ब्लॉक’ हा शब्द ओळखीचा होता. त्यामुळे धोट्यांच्या उमेदवारीत दोन प्रवाह मिळाले : राजधानी गमावलेल्या मध्यमवर्गाचा राग आणि कामगार-शेतकऱ्यांचा असंतोष. १९५७ मध्ये हे दोन प्रवाह दोन वेगळ्या मतपेट्यांत पडले होते. १९७१ मध्ये ते एकाच माणसाच्या नावावर एकवटले, म्हणूनच बांगला देशाच्या युद्धाआधीच्या त्या ‘गरिबी हटाव’च्या निवडणुकीत नागपूर लाटेबाहेर राहू शकले.

येथे एक निरीक्षण मांडतो, जे मला या प्रकरणाचे मर्म वाटते. नागपूरने विदर्भाच्या नावावर निवडून दिलेले दोन्ही खासदार नागपूरचे नव्हते. दोघेही यवतमाळ जिल्ह्यातले होते. नागपूर शहराचे गाऱ्हाणे म्हणजे गेलेली राजधानी, गेलेली सचिवालये, मुंबईला जाऊन बसलेल्या फायली. यवतमाळ, बुलढाणा, वाशीमच्या माणसाचे गाऱ्हाणे म्हणजे सिंचन, कापूस आणि रस्ते. नागपूर परत राजधानी झाल्याने वणीच्या शेतात पाणी येईलच असे नाही, हे वणीचा शेतकरी जाणतो. ज्यांच्या अंगात दोन्ही गाऱ्हाणी मुरलेली होती, असे दोनच उमेदवार या मतदारसंघाला मिळाले, आणि दोघांनाही त्याने निवडून दिले.

मागणी पक्षांत शिरते

१९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली तेव्हा विदर्भाने बहुतेक जागा काँग्रेसला दिल्या आणि नागपूरही तिच्याकडे राहिले. निवडून आले गेव्ह आवारी, १९२० च्या दशकात नागपुरात शस्त्रबंदीविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या जनरल मंचरशा आवारी यांचे चिरंजीव. १९७१ मध्ये लाटेविरुद्ध गेलेला मतदारसंघ १९७७ मध्ये उलट दिशेच्या लाटेविरुद्ध गेला. नागपूर नेहमी हवेबरोबर वाहते, हे शहराबद्दलचे मत त्यामुळे मला कधीच मान्य होत नाही.

आणि मग १९८०. त्या वर्षी जांबुवंतराव धोटे नागपुरातून पुन्हा जिंकले, या वेळी इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून. तोच माणूस, तीच भाषणाची शैली, मागे उभा राहिलेला वर्गही बराचसा तोच, पण मताचा अर्थ बदललेला. १९७१ चे मत दिल्लीवर दबाव आणण्यासाठी होते, १९८० चे मत दिल्लीच्या आत माणूस पाठवण्यासाठी. त्यामागचा हिशेब चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या अनुच्छेदाचे कुलूप केंद्र सरकारच्या किल्लीनेच उघडते, तर केंद्र सरकारच्या पक्षातच शिरावे, हा विचार तर्काला धरून होता. तो फळला मात्र नाही. राज्य आले नाही, धोटे पुढे काँग्रेसमधून बाहेर पडले, २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस हा पक्ष काढला, आणि २०१७ मध्ये यवतमाळला त्यांचे निधन झाले तोवर त्या पक्षाच्या वाट्याला नागपूरची जागा आली नव्हती. १९८० नंतर ‘वेगळा लढून पाहू’ हे वाक्य नागपुरात कोणी गंभीरपणे बोललेले मला आठवत नाही.

पुढची पंधरा-सोळा वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९८४ आणि १९८९ मध्ये काँग्रेसचे बनवारीलाल पुरोहित जिंकले. रामजन्मभूमीच्या प्रश्नावरून ते भारतीय जनता पक्षात गेले आणि १९९१ मध्ये काँग्रेसच्या दत्ता मेघे यांच्याकडून हरले. १९९६ मध्ये तेच पुरोहित भाजपचे उमेदवार म्हणून निवडून आले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय ज्या शहरात १९२५ पासून आहे, त्या शहरातली लोकसभेची जागा भाजपला पहिल्यांदा १९९६ मध्ये मिळाली, आणि तीही काँग्रेसमधून आलेल्या उमेदवाराच्या हातून. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट आश्चर्याची वाटते. नागपूरकराला वाटत नाही, कारण संघाच्या शाखेची वस्ती आणि दीक्षाभूमीच्या वाटेवरची वस्ती यांच्यात किती अंतर आहे आणि मतदार कोठे जास्त आहेत, हे त्याला पायी चालून माहीत असते.

पुरोहितांचीही वाट अखेर विदर्भाकडे वळली. पक्षनेतृत्वाशी बिनसल्यावर ते भाजपबाहेर पडले आणि २००३ मध्ये त्यांनी विदर्भ राज्य पक्ष काढला. २००४ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली, हरले, आणि २००९ मध्ये ते पुन्हा भाजपच्या उमेदवारीवर नागपुरात उभे होते. म्हणजे दोन माजी खासदार, धोटे आणि पुरोहित, साधारण एकाच सुमारास विदर्भाच्या नावाचे दोन वेगळे पक्ष घेऊन मतदारांपुढे आले, आणि दोघांनाही मतदारांनी नाकारले. मागणी जिवंत असताना मागणीचे पक्ष नाकारले जावेत, याचे कारण मला असे दिसते की तोवर ती मागणी सगळ्यांचीच झाली होती. भाजपने १९९७ च्या भुवनेश्वरच्या ठरावात विदर्भाला पाठिंबा दिला होता. १९९८ पासून निवडून येणारे काँग्रेसचे विलास मुत्तेमवार वेगळ्या राज्याचे उघड पुरस्कर्ते होते. दोन्ही बाजूंचे प्रमुख उमेदवार ‘विदर्भ हवा’ म्हणत असतील, तर त्या मुद्द्यावर मतदाराने कोणाला निवडायचे? मुद्दा सर्वमान्य झाला आणि त्याच क्षणी निवडणुकीच्या दृष्टीने त्याची धार गेली.

२००० सालची जखम वेगळी होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तीन राज्ये झाली. छत्तीसगड हा तर कधीकाळी नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांताचाच भाग. रायपूर राजधानी झाले आणि नागपूर पाहत राहिले. भाजप केंद्रात सत्तेवर होता, भुवनेश्वरचा ठराव कागदावर होता, पण अखंड महाराष्ट्राचा आग्रह धरणारी शिवसेना त्याची मित्रपक्ष होती. त्या दिवसांत वडिलांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि ‘‘आपला नंबर तर आपल्या आधी होता,’’ एवढेच म्हणाले. फाजल अली अहवाल त्यांनी वाचलेला नव्हता, तरी त्यांचे म्हणणे अचूक होते.

१९९८ ची बेरीज

मागणीने जागा जिंकता येत नाही, तर मग ती कशाने जिंकता येते, याचे उत्तर १९९८ ने दिले. दोनच वर्षांपूर्वी भाजपने घेतलेली जागा मुत्तेमवारांनी काँग्रेसकडे परत आणली. ते मूळचे चिमूरचे खासदार. म्हणजे पुन्हा एकदा बाहेरून आलेला उमेदवार. त्यांच्या विजयाला राज्यातल्या एका मोठ्या घडामोडीची जोड होती : रिपब्लिकन गट एकत्र येऊन काँग्रेसबरोबर गेले होते. विदर्भातल्या अकराही जागा त्या वर्षी काँग्रेस आणि तिच्या रिपब्लिकन मित्रांकडे गेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि ज्या शहरात १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, तेथे आंबेडकरी मतदार एकसंध राहिला की निकाल फिरतो. उत्तर नागपूरची राखीव जागा पाहिली तरी हे कळते, पण त्याचा परिणाम लोकसभेच्या जागेवर किती होतो, याची मोजदाद विदर्भाच्या भाषणांत क्वचितच होते.

मुत्तेमवारांनी १९९८, १९९९, २००४ आणि २००९ अशा चार निवडणुका सलग जिंकल्या. या चारही वेळी विदर्भाचा उल्लेख प्रचारात होता आणि चारही वेळी निकाल ठरला तो मतांच्या बेरीज-वजाबाकीने. २००९ मध्ये पुरोहित सुमारे चोवीस हजार मतांनीच मागे पडले, तर बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराने एक लाखाहून अधिक मते घेतली होती.

विदर्भवादी मित्रांशी माझा मतभेद होतो तो इथेच. त्यांच्या मते मतदार विकला जातो, जातीत अडकतो, म्हणून विदर्भ हरतो. मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते. उत्तर नागपुरातल्या घरकामगार बाईला वेगळ्या राज्यात आपले काय होईल, सचिवालय सीताबर्डीच्या जवळ आल्याने आपल्या मुलाला त्यात नोकरी मिळेल का, हे कोणी सांगितले होते? बाबासाहेबांनी स्वतः महाराष्ट्राची एकापेक्षा अधिक राज्ये करावीत असे मत मांडले होते, आणि आंबेडकरी वस्त्यांत या मताची माहिती आहे. तरीही गेल्या चाळीस वर्षांतले मागणीचे नेतृत्व त्या वस्त्यांत सभेपुरतेच गेले. धोटे जात होते. त्यांच्यानंतर जाणारे फार थोडे झाले.

नव्या हद्दीतले निकाल

पुनर्रचनेनंतरच्या मतदारसंघात नितीन गडकरी २०१४ मध्ये ५,८७,७६७ मते घेऊन जिंकले. मुत्तेमवारांना ३,०२,९३९ मते मिळाली. २०१९ मध्ये गडकरींना ६,६०,२२१ आणि काँग्रेसच्या नाना पटोले यांना ४,४४,२१२ मते होती. २०२४ मध्ये गडकरी ६,५५,०२७ आणि काँग्रेसचे विकास ठाकरे ५,१७,४२४. मताधिक्य २,८४,८२८ वरून २,१६,००९ आणि तेथून १,३७,६०३ वर आले.

या काळात केंद्रात भाजपचे सरकार आणि मुंबईत बराच काळ नागपूरचेच मुख्यमंत्री अशी स्थिती होती, जी बापूजींना किंवा धोट्यांना स्वप्नातही मिळाली नसती. राज्य आले नाही, पण मेट्रो आली, एम्स आले, सिमेंटचे रस्ते आले. गेलेल्या राजधानीची भरपाई शहराला अशा रीतीने मिळाली आणि शहरी मतदाराने ती स्वीकारली. यात फसवणूक झाली असे मी मानत नाही. पण ही भरपाई नागपूर शहराची आहे, विदर्भाची नाही, आणि नव्या हद्दीत सगळेच शहर असल्यामुळे हा फरक मतपेटीत उमटण्याची जागाच उरली नाही. २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भाच्या भूमिकेवरून पदाचा राजीनामा दिला आणि विदर्भ राज्य आघाडी स्थापन केली. ते बापूजींचे नातू. आजोबांनी व्हाइसरॉयच्या मंडळातले पद सोडले होते, नातवाने महाधिवक्त्याचे. दोघांबद्दलही मनात आदर आहे. पण पुढच्याच वर्षी, २०१७ च्या नागपूर महापालिका निवडणुकीत भाजपने १५१ पैकी १०८ जागा जिंकल्या. राजीनाम्याने निर्माण झालेली सहानुभूती प्रभागापर्यंत पोचलीच नाही.

२०२४ चे आकडे १९९८ शी ताडून पाहण्यासारखे आहेत. २०१९ च्या तुलनेत गडकरींची मते केवळ ५,१९४ ने घटली, तर काँग्रेसच्या उमेदवाराची ७३,२१२ ने वाढली. २०१९ मध्ये बसप आणि वंचित बहुजन आघाडी यांनी मिळून पन्नास हजारांहून अधिक मते घेतली होती. २०२४ मध्ये वंचितने नागपुरात काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा दिला आणि बसपची मते वीस हजारांच्या आत आली. मताधिक्य कमी झाले त्यातला मोठा भाग या दोन ओळींतच सापडतो. १९ एप्रिलच्या त्या उन्हात मी आमच्या मतदान केंद्राबाहेर बराच वेळ उभा होतो. रांगेतल्या माणसांशी बोलताना रस्ते, महागाई, राज्यघटना, मतदारयादीतून गळालेली नावे हे विषय निघाले. विदर्भाचा विषय निघाला तो एकदाच, तेही काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी मला वडिलांच्या नावावरून ओळखले आणि चिटणीस पार्कची ती सभा आठवते का असे विचारले तेव्हा.